किडूकला ऊन सोसत नाही

कॅरमची लाल राणी आमच्याकडे दीड वर्ष कोबोल्ड होती. खेळायच्या मिनी, म्हणजे त्या रंगवलेल्या इवल्या बाहुल्या, बाहेरून मागवायच्या तर खिशाला कात्री, म्हणून आमच्या टेबलवर फायटर म्हणजे बुद्धिबळातला हत्ती, विझार्ड म्हणजे उंट, क्लेरिक, म्हणजे पुजारीण, काकूंच्या शिवणाच्या डब्यातलं कोटाचं बटण आणि आमच्या कोबोल्डची खवलं लाल म्हणून त्याला राणी. त्या दीड वर्षात कधी कॅरम खेळायची वेळ आलीच तर राणीशिवाय खेळलो, कारण ती कुठल्यातरी गुहेत अडकलेली असायची.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टीचा खेळ. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर, सगळं जग त्याच्याकडे, गावं, रस्ते, पाऊसपाणी, शत्रू, दुकानदार सगळे त्याच्याच तोंडून बोलणार, आणि बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात शिरणार, त्या घोळक्याला पार्टी म्हणायचं. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. संपलं. डीएम मी. जागा आमचा कोथरूडचा हॉल, रविवार दुपार, पोहे पहिल्या तासात संपणार आणि चहा चार वेळा होणार.

पात्रं बनवायच्या दिवशी मावसभाऊ म्हणाला, "ताई, सगळ्यात जास्त डॅमेज करणारा कोण ते सांग, मी तो." ऑफिसमधल्या मैत्रिणीने विझार्ड घेतला. शेजारच्या काकू खरं तर आरडाओरडा कसला चाललाय ते बघायला आल्या होत्या, त्या बसल्या त्या बसल्याच, म्हणाल्या, "देवाचं करणारी मीच आहे ना इथे, मग पुजारीण मीच." आणि ऑफिसमधलाच एक मित्र, जो मीटिंगमध्येसुद्धा शेवटी बोलतो, त्याने विचारलं, "कोबोल्ड चालेल का?"

कोबोल्ड म्हणजे जेमतेम कमरेपर्यंत येणारा सरड्यासारखा प्राणी, ड्रॅगनचा लांबचा गरीब नातेवाईक. राक्षसांच्या पुस्तकात तेव्हा त्याचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, ५ आणि चॅलेंज रेटिंग १/८, म्हणजे नवशिक्या पार्टीने हात साफ करावा म्हणून ठेवलेला. २०१६ साली आलेल्या पुस्तकात तो खेळाडूंना घेता यायला लागला खरा, पण स्ट्रेंग्थमधून २ वजा. मी म्हटलं, "अरे, राक्षसच व्हायचंय तर मोठा हो की. आपला राक्षस पण आहे पुस्तकात." तो आहेच, १९७७ पासून आहे, वाघाचं डोकं, हाताचे पंजे उलटे, आणि चित्रात साहेब पाइप ओढत बसलेत. जुन्या नियमात त्याला मारायचं कशाने तर मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणाने, ही युक्ती कुठल्या पुराणातली नाही, एका अमेरिकन टीव्ही मालिकेतून आलीय. तर मी हे सगळं मोठ्या कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, "आपला म्हणजे कुणाचा?" आणि पुन्हा खाली मान घालून पात्राची शीट भरायला लागला. नाव लिहिलं किडूक. त्याच्या थैलीत चमचे, बटणं, तुटके आरसे असं काहीबाही असणार म्हणून. पुढे दीड वर्ष प्रत्येक नवीन पाहुण्याने "मग मिडूक कुठंय?" हा जोक केला आणि प्रत्येक वेळी त्याला वाटलं की आपणच पहिले.

राक्षसाला पार्टीत घ्यावं का हा वाद या खेळाइतकाच जुना आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांची तीन छोटी पुस्तकं एका खोक्यात निघाली, त्यात सरळ लिहिलंय की खेळाडूला जवळपास काहीही होता येईल, अगदी ड्रॅगनसुद्धा, फक्त सुरुवात दुबळ्यापासून करायची, ड्रॅगन व्हायचं तर आधी पिल्लू ड्रॅगन. त्याच्याही आधी आर्नेसनच्या टेबलवर सर फँग नावाचा व्हॅम्पायर होता, खेळाडूचाच, आणि तो इतका वरचढ झाला की त्याला आवर घालायला पहिला क्लेरिक तयार केला. हे काकूंना सांगितलं तर त्या चहा खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे मी त्याच्यावर लक्ष ठेवायला आहे होय!" आणि पुढचे दोन रविवार किडूककडे खरंच संशयाने बघत होत्या.

मग १९७९ च्या डीएमच्या गाइडमध्ये त्याच गायगॅक्सचा सूर पार बदललेला. राक्षस मागणाऱ्या खेळाडूला बहुतेक वेळा बाकीच्यांच्या डोक्यावर बसायचं असतं, हा खेळ माणसांच्या जगाचा आहे, असं म्हणून त्याने ते दार जवळजवळ लावूनच घेतलं. त्यात तथ्य नाही असं नाही, मावसभावाला मी ओळखते. पण किडूक त्यात कुठे बसतो? ५ हिट पॉइंटवाल्याच्या जातीत जन्म घेऊन कोण कुणाच्या डोक्यावर बसणार? १९७६ मध्ये केन सेंट आंद्रे नावाच्या खेळ बनवणाऱ्याने सगळा खेळच उलटा करून टाकला होता, तुम्ही सगळे राक्षस आणि माणसांच्या गावावर हल्ला करायचा, ते मजेशीर आहे, पण त्यात पार्टीत राक्षस नाही, पार्टीच राक्षसांची. अख्खी टोळीच आपली असली की कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं. आणि २००३ च्या नियमांनी तर हिशेबच मांडला, ट्रोल, म्हणजे मोठा दांडगा राक्षस, व्हायचंय ना, व्हा, पण बाकीची पार्टी ११ व्या लेव्हलला पोचेल तेव्हा तुम्ही या, कारण तुमच्या ट्रोलपणाचीच किंमत तेवढी. मला हे वाचून सोसायटीच्या ट्रान्सफर फीची आठवण झाली.

मला बरेच दिवस वाटायचं की प्रश्न ताकदीचा आहे. बॅलन्स. आता वाटतं की नाही, प्रश्न बसायच्या जागेचा आहे. पार्टीत राक्षसाला दोनच पाट मांडलेले असतात, एक हत्याराचा आणि एक गमतीचा.

हत्याराचा पाट म्हणजे घटोत्कच. आपल्याकडची सगळ्यात जुनी पार्टी पांडवांची आणि त्यातला राक्षस घरचा, भीमाचा मुलगा. वनवासात गंधमादनाच्या वाटेवर द्रौपदी कोसळली तेव्हा भीमाने आठवण काढली नि तो हजर झाला, द्रौपदीला उचलून घेतलं, बाकीच्यांना त्याच्या साथीदारांनी. काम झालं, गेला. मग युद्धात आला, आधीही लढला, पण खरी आठवण चौदाव्या दिवशी लढाई रात्रीतही चालू राहिली तेव्हा, कारण रात्री राक्षसाचं बळ वाढतं. कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती त्याच्यावर खर्च केली, तो पडला, पांडव रडतायत आणि कृष्ण आनंदाने नाचतोय. अर्जुन विचारतो हे काय, तर कृष्ण शांतपणे हिशेब सांगतो, आणि वर हेही सांगतो की कर्णाने मारला नसता तर मलाच कधीतरी मारावा लागला असता, कारण तो यज्ञांचा शत्रू होता. लहानपणी गोष्ट ऐकताना हे शेवटचं वाक्य कुणीच सांगितलं नव्हतं. मोठेपणी वाचलं तेव्हा पान उलटून पुन्हा मागे आले, मला वाटलं मीच चुकीचं वाचलं.

गमतीचा पाट म्हणजे संकासुर. दशावतारात सुरुवातीला येतो तो, काळ्या वेषात, वेद चोरलेला असुर, पण बोलतो अस्सल मालवणी आणि लोकांना हसवून हसवून लोळवतो, शेवटी विष्णू त्याला मारतो आणि मग खरं नाटक सुरू. किडूकच्या पुस्तकात तर गंमत हाच नियम होता. कोबोल्डची एक खास शक्ती दिलेली, तिचं नाव मराठीत सांगायचं तर 'लोटांगण घाल, थरथर काप, गयावया कर'. म्हणजे तुमच्या पाळीत तुम्ही लढायचं नाही, तुम्ही दीनवाणे होऊन लोळायचं, त्याने दहा फुटांतल्या शत्रूंचं लक्ष विचलित होतं आणि बाकीच्या पार्टीला वार करताना अॅडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरता येतो. खेळ म्हणून शक्ती झकास आहे. पहिल्यांदा त्याने ती वापरली तेव्हा राणी आडवी ठेवून असा काही केविलवाणा आवाज काढला की विझार्डच्या नाकातून चहा आला. दहाव्यांदा वापरली तेव्हाही आम्ही हसलो. तो मात्र तोपर्यंत नुसतं "गयावया" एवढंच म्हणून फासा पुढच्याकडे सरकवायला लागला होता, आणि हे माझ्या लक्षात यायला दहा वेळा जावं लागलं.

आता माझी चूक. मी वास्तववादी डीएम, मला त्याचा केवढा अभिमान. माणसांच्या गावात कोबोल्ड आला तर काय होईल? वेशीवर अडवतील. म्हणून पहिल्या गावाच्या वेशीवर शिपाई उभा केला, भाला आडवा, "हा कोण? कुठला? कुणाच्या जबाबदारीवर?" किडूकने पर्सुएजनचा, म्हणजे मन वळवायचा, फासा टाकला, १५ हवे होते, १६ पडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या गावात पुन्हा शिपाई, या वेळी खानावळवालीही. तिसऱ्या गावात मी तर वहीत शिपायाचे संवादच लिहून आणले होते, मिशा पिळत बोलायचा आवाज ठरवला होता. तो पूर्ण ऐकून घेतला त्याने. फासा उचलला, हातात खेळवला, परत ठेवला. म्हणाला, "मी बाहेरच थांबतो. तुम्ही जाऊन या."

पार्टी आत गेली. दोर घेतला, औषधं घेतली, फायटरने तलवारीवरून चाळीस मिनिटं घासाघीस केली. राणी नकाशाच्या काठाला, वेशीच्या रेघेबाहेर. तो मोबाइल बघत बसला. मला वाटलं, वा, काय रोलप्लेइंग करतोय.

संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये त्याला सोडायला गेले तेव्हा हेल्मेट घालता घालता म्हणाला, "गेम मस्त चाललाय. फक्त ते गेटचं जरा कमी करशील का?" मी म्हटलं, अरे पण ते रिअलिस्टिक आहे. तो म्हणाला, "रिअलिस्टिक आहे हे मला माहितीये. तीन महिने फ्लॅट शोधतोय. फोनवर सगळं ठरतं, भाडं, डिपॉझिट, पार्किंग. मग भेटायला गेलं की, पूर्ण नाव काय म्हणालात? आडनाव सांगितलं की मालकाचा भाचा अचानक पुण्याला शिकायला येणार असतो. प्रत्येक मालकाला भाचा आहे. रविवारी तरी मला फासा टाकायचा नाहीये गं." आणि गाडीला किक मारून गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर मी वाद घातला असता.

पुढच्या रविवारी मी काय करावं? मी सगळे शिपाईच काढून टाकले. चौथ्या गावात वेस सताड उघडी, सरपंच हार घेऊन उभा, पोरंसोरं "किडूक, किडूक" करतायत. तो माझ्याकडे बघून हसला, "आता सत्कार का?" गाव इतकं खोटं वाटत होतं की मावसभावाने सरपंच डॉपलगँगर, म्हणजे रूप बदललेला तोतया, आहे समजून त्याच्यावर तलवार काढली. मला वाटलं होतं दोनच गोष्टी शक्य आहेत, अडवणं आणि ओवाळणं.

यातून वाट काढली काकूंनी, आणि तीही नकळत. कोबोल्डला आणखी एक नियम होता, सूर्यप्रकाश सोसत नाही. उन्हात वार करायचा तर दोन फासे टाकायचे आणि कमी आकडा धरायचा. जंगलातल्या रस्त्यावर भरदुपारी लुटारूंनी घेरलं, किडूकने फासे टाकले, १९ आणि ३. आम्ही सगळे हळहळलो, मी ३ लिहून घेतला. पुढच्या पाळीला १७ आणि ४. काकू चष्मा वर करून म्हणाल्या, "याचे सारखे दोन फासे का?" सांगितलं. "म्हणजे याला उन्हाचा त्रास होतो?" हो. "आणि आपल्याला दीड वर्ष माहितीये?" वर्षच झालं होतं तेव्हा, पण काकूंना कोण अडवणार. "मग आपण उन्हात का चालतोय?"

कुणालाच उत्तर देता येईना. खरंच, का चालतोय? पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही की पार्टीने दिवसाच चालायचं. माणसं दिवसा चालतात म्हणून आम्ही दिवसा चालत होतो, सकाळी उठतो, आवरतो, निघतो, एवढंच, आणि किडूकचे फासे वाईट पडतात म्हणून वर्षभर त्याचीच कीव करत होतो.

काकू आरवलीच्या, वेंगुर्ल्याजवळची. म्हणाल्या, "आमच्या वेतोबाला काय देतात माहितीये? वहाणा. ह्या एवढ्या." हात पसरून दाखवल्या, टेबलवरचा कप पडता पडता वाचला. "रात्रीचा गावभर फिरतो ना तो राखण करत, मग झिजतात. लोक नवस बोलतात, नवीन करून वाहतात. वेताळच तो, भुतांचा राजा. पण चालून चालून पाय दुखणारच की." मी आरवलीला लहानपणी गेले होते, देवळात त्या भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा बघून घाबरले होते एवढंच आठवत होतं. केवढा मोठा असेल हा, असं मनात आलं होतं. त्याच्या वहाणा झिजत असतील हा विचार कुणीतरी आधी केला असणार, कुणीतरी त्याच्या तळव्याचं माप धरलं असणार, हे मला त्या रविवारी पहिल्यांदा सुचलं. वेताळाला घाबरायचंही आणि त्याच्या चपलेचंही बघायचं, दोन्ही एकाच देवळात.

मग आम्ही रात्री निघालो. आणि तिथे खरी गंमत झाली, कारण माणसांना अंधारात दिसत नाही आणि कोबोल्डला साठ फुटांपर्यंत दिसतं. मशाल पेटवली तर लुटारूंना दिसणार, नाही पेटवली तर फायटर पहिल्याच खड्ड्यात. मावसभाऊ म्हणाला, "मी याची शेपूट धरतो." चेष्टेत म्हणाला होता, पण काकूंनी लगेच बटण उचलून राणीला चिकटवलं, त्यामागे हत्ती, त्यामागे उंट, अशी आगगाडी. किडूक पुढे. त्या रात्री पहिल्यांदा तो सलग बोलत होता. "थांबा. उजवीकडे पाणी आहे. काकू, पायरी उंच आहे. फायटर, शेपूट जरा हलकी धर, तुटेल." मी एक खड्ड्याचा सापळा लावला होता, त्याला तो दिसला, १८. त्याने सगळ्यांना एकेक करून कडेने नेलं, प्रत्येकाचा हात धरून, आणि प्रत्येकाला वेगळं सांगितलं कुठे पाय ठेवायचा, विझार्डला झगा उचलायला, काकूंना डावीकडच्या मुळाला धरायला. लढाई झाली नाही. दोन तासात एकही लढाई झाली नाही, मावसभाऊ चक्क तक्रार करायला विसरला.

पाचव्या गावाच्या वेशीवर पार्टी पहाटे साडेतीनला पोचली. शिपाई होता, मी ठेवला होता, झोपेतून उठलेला. त्याने कंदील वर केला आणि पहिला प्रश्न फायटरला विचारला, कारण या वेळी अंधारातून सगळ्यात भयानक तोच दिसत होता, चिखलाने माखलेला, हातात शेपूट.

२०२२ च्या पुस्तकात कोबोल्ड सुधारला. लोटांगण गेलं, त्या जागी ड्रॅगनसारखी आरोळी आली, परिणाम जवळपास तोच पण आता तुम्ही गयावया करत नाही, गर्जना करता. स्ट्रेंग्थची वजाबाकी तर त्याआधीच गेली होती. आणि उन्हाचा त्रासही गेला. याआधी २०२० मध्ये खेळ काढणाऱ्या कंपनीने स्वतःच मान्य केलं होतं की ऑर्क आणि ड्राऊ या खेळातल्या जमातींना दुष्ट ठरवणारी जुनी वर्णनं खऱ्या माणसांच्या समूहांना हिणवण्याच्या भाषेशी फार जुळतात, त्यातून हे सगळे बदल. बरं झालं. अख्ख्या जमातीची अक्कल दोनने वजा हे २०१६ मध्ये ऑर्कच्या पुढे छापलेलं होतं, ते जायलाच हवं होतं. पण ऊन? आरोळीचं मी आनंदाने घेतलं असतं, उन्हाबद्दल मात्र माझं मन अजून तयार होत नाही. सगळ्यांना सगळं सारखंच सोसतं असं लिहून टाकलं की काकूंच्या प्रश्नाला जागाच राहत नाही. किडूकला विचारलं, नवीन शीट करूया का? त्याने आरोळी घेतली. ऊन ठेवलं. म्हणाला, "रात्रीची सवय झालीये सगळ्यांना, आता कशाला."

दीड वर्षाने ती गोष्ट संपली. कशी ते सांगत बसत नाही, ड्रॅगन होता, मेला. नवीन गोष्टीसाठी परत पात्रं बनवायला बसलो. मावसभावाला आता बगबेअर हवाय, सात फुटी केसाळ, कारण त्याचे हात लांब असतात आणि पहिल्या वाराला जास्त डॅमेज. काकू परत पुजारीण, देव मात्र बदललाय. राणी पुसून कॅरमच्या डब्यात ठेवली.

मी किडूककडे वळले, त्याला अजून सगळे किडूकच म्हणतात, ऑफिसातसुद्धा. तो म्हणाला, या वेळी माणूस घेतो, साधा माणूस, नावाडी. मी पेन घेतलं, नाव विचारलं, त्याने सांगितलं, मी लिहिता लिहिता सवयीने म्हटलं, "आडनाव?"

विझार्डने माझ्याकडे बघितलं. काकूंनी चहाचा घोट तसाच तोंडात धरला. त्याने माझ्या हातातली शीट स्वतःकडे फिरवली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत नीट बघितली, आणि म्हणाला, "यात तो रकाना नाहीये." मग फासे मागितले.